सातशे रुपयांतला नाताळ

वसई पट्ट्यातल्या एका सोसायटीत राहणाऱ्या ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव अर्थातच देत नाही. मिस्टरांची कंपनी पावसाळ्यात बंद पडली, तेव्हापासून ते मिळेल ते काम करतायत. घरात १३ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा. दरवर्षी नाताळच्या सजावटीवर पाच-सहा हजार सहज जायचे. यंदा ताईंनी ७०० रुपये बाजूला काढले आणि सगळं घरीच करायचं ठरवलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून ग्लू गन, चमकीचे फोम शीट, रिबिनी, मणी आणले. त्यातच ९०० संपले. तयार झालेला एकुलता एक तारा मुलीने दारावरून काढून कपाटामागे टाकला. "मम्मी, आपलं गरिबांसारखं दिसतंय," म्हणाली. मिस्टरांचं म्हणणं, हप्त्यांवर मोठा झगमगता तारा आणि झाड घेऊन टाकू. त्यात २५ तारखेला मोठे दीर-जाऊ जेवायला येणार, आणि जाऊबाईंच्या घरचा नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, गावात नावाजलेला. ताई विचारतात, "घरी केलेली सजावट लाज न वाटता कशी करू? की यंदा काहीच करू नये? हातचं केलेलं सगळ्यांना कमीच का वाटतं?"

प्रिय ताई,

आधी हिशेबाचं बोलू, लाजेचं नंतर.

हातचं म्हणजे स्वस्त, असं आपण सगळेच धरून चालतो. तुमच्या ९०० रुपयांनी ते खोटं ठरवलंय. फोम शीटचं पाकीट दहा नगांचं, लागणार दोन. मण्यांची पुडी अख्खी घ्यावी लागते. ग्लू गनला कांड्या वेगळ्या. व्हिडिओत हे सगळं टेबलावर आधीच मांडलेलं असतं, त्यामुळे दिसत नाही. खरं सांगायचं तर मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत यंत्रावर छापलेला कागदी तारा तुमच्या कच्च्या मालापेक्षा कमी पैशांत मिळून जाईल. घरी करणं स्वस्त पडतं ते दोनच अटींवर. मुख्य सामान घरात किंवा गल्लीत आधीच पडलेलं असायला हवं, आणि दहा वस्तूंच्या मागे न लागता एकदोनच करायला हव्यात.

दुसरं जरा टोचेल, पण सांगते. तुमच्या मुलीची नजर चुकलेली नाही. चमकीच्या फोमचा तारा हा दुकानातल्या ताऱ्याची नक्कल असतो, आणि दुकानाची नक्कल करायला गेलं की आपण हरणारच. त्यांच्याकडे यंत्र आहे, साचा आहे. आपल्या कडा वाकड्या येतात, गोंदाचे तंतू लोंबतात. तेरा वर्षांच्या मुलीला ते लगेच दिसतं. या वयात डोळा फार तिखट असतो. म्हणून तिचं बोलणं 'हातचं कमी' असं घेऊ नका. तिने एका वस्तूला नापास केलंय. हाताने अशी वस्तू करा की जी दुकानात त्या रूपात मिळतच नाही. तिची तुलना कशाशी करणार?

आता 'गरिबांसारखं' या शब्दाकडे येऊ. बाबा सकाळी घरी असतात, तुम्ही भाजी निवडून घेता, हप्त्यांवरून आतल्या खोलीत बोलणं होतं. हे सगळं तिला कळतंय. तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र कुठेच सापडली नाही: मुलांना कुणी समोर बसवून सांगितलंय का? बहुधा नाही. मग तिच्यासाठी तो तारा घरातली न बोललेली बातमी दारावर टांगल्यासारखा झाला असेल. तिला मित्रमंडळींपुढे उघडं पडल्यासारखं वाटलं, आणि तिने तो काढून टाकला.

तेव्हा कात्री-कागद हातात घेण्याआधी एका संध्याकाळी चौघं बसा. लांबण नको. "बाबांचं काम बंद झालंय, नवीन मिळेपर्यंत आपण जपून खर्च करतोय, शाळेचे आणि घराचे पैसे ठेवलेत, सजावटीला इतके आहेत," एवढं पुरे. मिस्टरांनीच सांगितलं तर उत्तम. पैशांचा आकडा मुलांना कळू द्या. मुलं त्या आकड्यात डोकं लावतात, आपण उगाच घाबरतो. आणि कृपा करून "आमच्या वेळी तर..." किंवा "येशूबाळही गव्हाणीत जन्मला" हे त्या बैठकीत काढू नका. दोन्ही खरं आहे, पण तेरा वर्षांच्या मुलीला ते प्रवचनच वाटणार.

मिस्टरांचा हप्त्यांचा विचार मला समजतो. कर्त्या माणसाचं काम गेलं की सणाला त्याला आणखीच ओशाळल्यासारखं होतं, आणि तो काहीतरी मोठं घरी आणून ते भरून काढू पाहतो. पण डिसेंबरचा तारा जानेवारीत उतरतो, आणि हप्ते मात्र उन्हाळ्यापर्यंत येत राहतात, नेमके शाळेच्या नव्या वर्षाच्या खर्चापर्यंत. हे त्यांना वादात सांगू नका. कागदावर महिनेवार लिहून समोर ठेवा. आणि त्यांना एक काम द्या, जे त्यांच्याशिवाय नीट होणार नाही. ते काम पुढे सांगते.

माझं मत विचाराल तर यंदा दोनच गोष्टी करा: बाहेर एक चांदणी आणि आत एक गोठा. बाकी भिंती रिकाम्या राहू देत.

चांदणी बांबूची करा. दिवाळीचा आकाशकंदील घरी करायची पद्धत आपल्याकडे आहेच. हात तोच, आकार वेगळा. फिलिपिन्समध्ये नाताळचा पाच टोकांचा कंदील बांबू आणि कागदाचाच करतात, त्याला पारोल म्हणतात, आणि तिथे तो गरिबीची खूण मानत नाहीत. सानफर्नांडो शहरात तर त्याची दरवर्षी मोठी स्पर्धा असते.

सामान सांगते. दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या, करंगळीहून बारीक, सगळ्या सारख्या जाडीच्या. जवळपास बुरूड असतील तर त्यांच्याकडे मागा. पुण्याच्या वाचकांना बुरूड आळी ठाऊक आहेच. वाडीत कुणाचा बांबू तोडलेला असेल तर तसाही मिळेल. कामट्या सोलून त्यांच्या धारा कोयत्याने किंवा काचपेपरने मारणं, हे मिस्टरांचं काम. बांबूची कुसळं बोटात जातात, मुलांना त्यात घेऊ नका.

पाच कामट्या जमिनीवर ठेवून पेन्सिल न उचलता काढतो तशी चांदणी मांडा. पाचही टोकं आणि जिथे कामट्या एकमेकींवरून जातात त्या पाच जागा जाड दोऱ्याने बांधा. अशीच दुसरी करा. मग दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा. आता मधल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत पाच-पाच इंचांचे टेकू दोन चांदण्यांच्या मध्ये उभे अडकवा. बघता बघता सपाट सांगाडा पोट फुगवल्यासारखा उभा राहतो. हा क्षण मुलांना बघायला मिळालाच पाहिजे, त्यामुळे टेकू त्यांनाच लावू द्या. टेकू निसटत असतील तर त्यांच्या टोकांना छोटी खाच करा.

कागद पतंगाचा घ्या. घोटीव कागद दिसायला छान, पण त्यातून उजेड नीट येत नाही. जिलेटीन चुरचुरतं आणि ताणून बसत नाही. रंग मुलीला ठरवू द्या, आणि ठरवू द्या म्हणजे खरंच ठरवू द्या. तिने सगळा पांढरा म्हटला तर पांढरा, जांभळा म्हटला तर जांभळा. "लाल-हिरवं बरं दिसतं" असं मागून सुचवू नका. प्रत्येक टोकाला पुढे एक, मागे एक आणि बाजूला दोन असे चार त्रिकोण लागतात, म्हणजे एकूण वीस. शिवाय पुढचा पंचकोन. मागचा पंचकोन उघडा ठेवायचा, तिथून बल्ब जातो. कागद मापापेक्षा अर्धा इंच मोठा कापा, म्हणजे कडा कामटीवर वळवता येते.

चिकटवायला खळ. दोन चमचे मैदा थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवा, एकूण वाटीभर पाणी होईल असं बघा, आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. कागदाला लावली की तो ओला होऊन फाटतो. जुने लोक मुंग्या-किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. तो विषारी असतो. आठ वर्षांचं मूल घरात असताना घालू नका. रोज थोडी ताजी खळ करा, बस.

आत एलईडी बल्ब, ५ वॅटचा किंवा त्याहून कमी. रोज सहा तास असे वीस दिवस लावला तरी ५ वॅटला अर्ध्या युनिटहून थोडीच जास्त वीज लागते. बल्ब कागदाला टेकता कामा नये, म्हणून होल्डर एका टेकूला तारेने बांधा. वायरिंग पुन्हा मिस्टरांकडे. एलईडीऐवजी मेणबत्ती वगैरे कुणी सुचवलं तर ऐकू नका. आणि चांदणी गॅलरीच्या स्लॅबखाली टांगा, उघड्यावर नको. आपल्या किनारपट्टीला डिसेंबरात पहाटे दव पडतं, त्याने खळ सुटते.

हे सगळं एका रविवारी होणार नाही. दोन रविवार धरा.

गोठ्याचं सांगायचं तर तुमच्या गावात मी काय सांगावं! वसईतल्या पोरांनी उभारलेले नाताळगोठे बघायला लोक लांबून येतात. पण जाऊबाईंच्या गोठ्याशी बरोबरी हा विचार सोडून द्या. त्यांच्याकडे अंगण आहे, तुमच्याकडे टीव्हीचं टेबल. घरातला पुठ्ठ्याचा खोका, वाणसामानाचा खाकी कागद चुरगळून केलेला डोंगर आणि मूठभर पेंढा एवढ्यात गोठा उभा राहतो. भाताची झोडणी नुकतीच झालेली असते, तेव्हा पेंढा गावातून मागितला तर कुणी पैसे घेणार नाही. थर्माकोलच्या मागे जाऊ नका; २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि तो काही स्वस्तही नाही. पुतळे तुमच्याकडे आधीचे असतीलच. मेंढराचा पाय मोडला असेल तर त्याला गवतात बसवा.

गवत मात्र खरं उगवा. घटस्थापनेला शेजारी घट बसवतात, त्यातलं धान कसं वर येतं ते मुलांनी पाहिलं असेल, तीच रीत. मूठभर गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवा, सकाळी पसरट ताटलीत किंवा जुन्या झाकणात बोटभर मातीवर दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या आणि रोज पाणी शिंपडा. गहू आठ-नऊ दिवसांत वीतभर होतो, म्हणून १५ डिसेंबरच्या आसपास पेरा. नाचणीचं गवत बारीक, मऊ येतं, गोठ्याला तेच जास्त शोभतं. तिला दोन-चार दिवस जास्त द्या. गोव्यातही गोठ्यासाठी नाचणी रुजवतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात तर ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला, बशीत गहू पेरायची परंपरा आहे. पाण्याचं काम आठ वर्षांच्या मुलाला द्या. जास्त पाणी घालेल, एक ताटली कुजेल. म्हणून दोन पेरा.

त्याच्यासाठी आणखी एक बिनपैशाची गंमत. तीन ज्ञानी लोकांचे पुतळे गोठ्यात सुरुवातीलाच ठेवू नका. ते बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून प्रवास करत आले, तर त्यांना खिडकीत उभं करा आणि रोज हातभर पुढे सरकवायला सांगा. फ्रिजवरून, पुस्तकांच्या फळीवरून, सोफ्याच्या पाठीवरून. ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला, ते गोठ्यात पोचतील. बाळ येशू २४ च्या मध्यरात्री ठेवायचा हे तुम्ही पाळतच असाल. घरातली सजावट अशी रोज थोडी बदलत राहिली की ती कमी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

झाडाबद्दल थोडक्यात. लागलंच तर सुरूची गळून पडलेली वाळकी फांदी आणा, झाडाची तोडू नका. तिला चुन्याचा हात देऊन कुंडीत खोचा. टांगायला जुन्या लग्नपत्रिका वापरा. त्यांचा कागद जाड, सोनेरी, आणि प्रत्येक मराठी घरात त्यांचा गठ्ठा असतोच. बांगडी ठेवून वीस गोल कापा, प्रत्येक गोलाच्या तीन कडा आत दुमडून सारखा त्रिकोण करा, दुमडलेल्या कडा एकमेकींना चिकटवत जा: पाच वर, पाच खाली, दहा मधल्या पट्ट्यात. सुंदर गोळा तयार होतो, आणि तुमच्या ग्लू गनचाही उपयोग होतो. शेजाऱ्यांच्या पत्रिकेवर गणपती असेल तर तेवढा भाग कापून वेगळा ठेवा, कात्री त्यावर चालवू नका. विदर्भातल्या वाचकांना संत्र्याच्या चकत्या उन्हात वाळवून टांगता येतील. किनाऱ्यावर त्यांना बुरशी येते, तिथे तो नाद नको. भाड्याच्या खोलीत खिळे ठोकायची परवानगी नसलेल्यांनी पडद्याच्या दांडीचाच आधार घ्यावा.

दिव्यांच्या माळा विकत घेऊ नका, मागून आणा. तुमच्या मजल्यावर तीन-चार घरांत तरी दिवाळीच्या माळा खोक्यात पडून असतील. मागायला संकोच वाटेल, माहीत आहे. पण दिवाळीला तुमच्याकडे फराळाचं ताट येतं ना? मग माळ यायला काय हरकत आहे? आधी प्लग लावून बघा, सोललेली वायर दिसली तर परत द्या.

"यंदा काहीच करू नये का," असंही तुम्ही विचारलंय. घरात नुकतंच दुःख झालं असेल, किंवा तुम्ही स्वतः इतक्या थकल्या असाल की कात्री उचलवत नाही, तर नक्की नका करू. अशा वाचकांनी दारात एक दिवा लावला तरी चालेल, कुणाला उत्तर देणं लागत नाही. पण तुमच्या पत्रात थकवा कमी आणि चिडचिड जास्त दिसते, आणि ती बरीचशी सगळं एकटीने ओढण्याची आहे. सामान तुम्ही आणलं, व्हिडिओ तुम्ही पाहिले, तारा तुम्ही केला, मग मुलीला तो दाखवला. तिला त्यात ठरवायला काय उरलं होतं? घरी करायचं याचा अर्थ आईने रात्री जागून करायचं असा आपल्याकडे आपोआप होतो. तो होऊ देऊ नका. एखादं काम कुणी केलं नाही, तर ते राहू दे.

राहिल्या जाऊबाई. त्यांच्याबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत, पण त्या तुमच्या सजावटीला कधी काही बोलल्याचं एक वाक्यही त्यात नाही. मग ही टीका त्यांची आहे, की त्यांच्या तोंडी आपणच घातलेली? गोठा इतका नावाजलेला असेल तर त्यांच्याकडे जुने पुतळे, पेंढा, रंगवलेला भुसा नक्की शिल्लक असणार. फोन करा आणि सरळ मागा. "वहिनी, यंदा जरा ओढाताण आहे, तुमच्याकडचं जुनं काही असेल तर द्या, आणि डोंगर कसा करता तेही सांगा." पुढच्या पिढीने आपली कला विचारली की माणूस खुलतो. मुलीलाच पाठवलंत तर आणखी चांगलं. काकीकडून डोंगर शिकून आलेली मुलगी तो कपाटामागे टाकणार नाही. आणि समजा जाऊबाईंनी खरंच नाक मुरडलं, तर निदान कळेल तरी. मग २५ तारखेला त्यांच्या ताटात दोन वडे जास्त वाढा आणि विषय बदला.

फोमची न उघडलेली पाकिटं बिलासह दुकानात नेऊन बघा, बदल्यात पतंगाचा कागद मिळाला तर तुमचं निम्मं सामान तिथेच झालं.

चांदणी उतरवाल तेव्हा एक करा. कागद काढून टाका, पाचही टेकू सोडवा आणि ते एका दोऱ्यात बांधून सांगाड्यालाच अडकवा. टेकू निघाले की तो पुन्हा सपाट होतो, पलंगाखाली सहज मावतो. पुढच्या डिसेंबरात फक्त कागद आणि वाटीभर मैद्याची खळ लागेल, आणि रंग तेव्हा मुलाला ठरवू द्या.